इंजिन टणटणीत पण आर्क मरतो: वेल्डिंग जनरेटरच्या गव्हर्नरला हात लावायच्या आधी मीटर लावा

इंजिन एका हँडलमध्ये चालू होते, आवाज टणटणीत, धूर साफ, अन रॉड लावला की नुसता चिकटतो. नाहीतर दोन इंच छान जातो अन मग आर्क मरतो, पुन्हा टोचा, पुन्हा मरतो. इंजिनवाल्या वेल्डिंग मशीनची ही तक्रार आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रसकडे वर्षातून दोन वेळा तरी हमखास येते. एकदा मे महिन्यात, जेव्हा खरिपाच्या आधी वखर, नांगर, डवरे, ट्रॉल्या सगळ्यांना एकदमच दुरुस्त करून पाहिजे असतात, अन एकदा सोयाबीन निघायच्या वेळी, जेव्हा थ्रेशर वावरात उभा असतो, मजूर बांधावर बसून असतात, आभाळ भरून येत असतं अन मालक म्हणतो, "भाऊ, करंटच नाई राह्यला मशीनमधी, पॉवर जरासा वाढून द्या."

आता पॉवर वाढवायचा म्हणजे आपल्याकडे काय करतात, तर गव्हर्नरचा, म्हणजे इंजिनचा स्पीड धरून ठेवणाऱ्या भागाचा, स्क्रू पिळतात. इंजिनचा आवाज चढतो, आर्क थोडा बरा वाटतो, मालक खुश होतो, पैसे देतो. आठ-पंधरा दिवसांनी तीच तक्रार परत, मग आणखी अर्धा फेरा. माझं सांगणं हेच आहे की या तक्रारीत बहुतेक वेळा इंजिनची चूक नसतेच, दोष दुसरीकडेच असतो अन तो तसाच राहून इंजिन उगाच पळवलं जाते. म्हणून स्क्रूला पाना लावायच्या आधी मीटर लावा. साधा मल्टीमीटर, ज्याच्यात फ्रिक्वेन्सी मोजता येते तो, एवढ्यानं निम्मं निदान जागेवरच होते.

स्क्रू पिळण्यात वाईट काय ते आधी सांगतो, कारण काहून नको हे समजल्याशिवाय कोणी ऐकत नाही. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या मशीन दोन पोलच्या (चुंबकी टोकांच्या) असतात, ३००० आरपीएमला ५० हर्ट्झ, अन मोठ्या, जड इंजिनच्या चार पोलच्या, त्या १५०० आरपीएमला ५० हर्ट्झ. रोटरवरच्या, म्हणजे जनरेटरच्या फिरत्या भागावरच्या, वाइंडिंगला बाहेर फेकणारा जोर स्पीडच्या वर्गाच्या हिशोबानं वाढतो, म्हणजे ३००० चं ३३०० केलं तर स्पीड १० टक्के वाढला पण जोर २१ टक्के वाढला. त्याच्यासोबत मशीनच्या २३० व्होल्टच्या सॉकेटवर लावलेला ग्राइंडर, लाईट, सगळ्यांना बऱ्याच मशीनमध्ये जास्तीचा व्होल्टेज जातो, अन कनेक्टिंग रॉड, बेअरिंग यांचं आयुष्य कमी होते ते वेगळंच. रोटरचं वाइंडिंग एकदा सुटलं तर ते स्टेटरलाही, म्हणजे बाहेरच्या स्थिर भागालाही, घेऊनच जाते, मग रिवाइंडिंगचा खर्च विचारूच नका.

तर पहिलं काम. मशीन चालू करा, पाच मिनिटं गरम होऊ द्या, ऑटो आयडल (काम नसताना इंजिनचा स्पीड आपोआप कमी करणारी सोय) असेल तर तो बंद करून फुल स्पीडवर ठेवा, अन दोन रीडिंग घ्या. पहिलं रीडिंग २३० व्होल्टच्या सॉकेटवर, व्होल्टेज पण अन हर्ट्झ पण. रिकामं असताना ५१ ते ५३ हर्ट्झ दिसलं तर गव्हर्नर एकदम बरोबर आहे, कारण लोड आल्यावर तो थोडा खाली येऊन ५० च्या आसपास बसतो, तशीच त्याची बनावट असते. दुसरं रीडिंग होल्डर अन अर्थ क्लॅम्पच्या मध्ये, रॉड न लावता. मशीन डीसी असेल तर मीटर डीसीवर, एसी असेल तर एसीवर. साधारण ६० ते ८० व्होल्ट यायला पाहिजे, नेमका आकडा नेमप्लेटवर लिहिलेला असतो, प्लेट घासून गेली असेल तर मॅन्युअलमध्ये. हे रीडिंग घेताना हातमोजे घाला, पायाखाली कोरडी लाकडी फळी ठेवा, घामानं ओल्या अंगाला ७०-८० व्होल्टचाही झटका चांगलाच बसतो. अन एक, जी मशीन इन्व्हर्टरची आहे तिच्या सॉकेटचं हर्ट्झ पाहून इंजिनचा स्पीड समजत नाही, तिथं आरपीएम मोजायचा टॅकोमीटरच लागतो.

या दोन रीडिंगवरून रस्ते फुटतात. दोन्ही बरोबर आले तर मशीन जवळपास सुटली, दोष मशीनच्या बाहेर आहे, म्हणजे केबल, क्लॅम्प, होल्डर, रॉड. सॉकेटवर २३० आहे पण वेल्डिंगच्या बाजूनं शून्य किंवा अर्धाच व्होल्ट आहे, तर रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा डायोडचा संच), सिलेक्टर स्विच किंवा आतली जोडणी. दोन्हीकडं काहीच नाही तर जनरेटरला फिल्ड, म्हणजे व्होल्टेज बनवायला लागणारं चुंबकत्व, मिळत नाही आहे. अन दोन्ही बरोबर आहेत, आर्क लागतोही, पण लागताच इंजिन घरघरत खाली बसते, तर मग इंजिन अन लोड पाहायचा.

सगळ्यात जास्त केसेस पहिल्या रस्त्याच्या. आर्णीकडच्या एका काकांची मशीन मागच्या सोयाबीनच्या हंगामात आली होती, तिचं सांगतो. थ्रेशरच्या चाळणीची फ्रेम तुटलेली, वावरातच उभा होता थ्रेशर, मशीन बांधावर, तीस मीटर केबल टाकलेली. सॉकेटवर मीटर लावला तर ५८ हर्ट्झ. म्हणजे कोणीतरी आधीच स्क्रू पिळून ३४८० फेऱ्यांवर नेऊन ठेवली होती, अन तरीही दहा नंबरचा रॉड चिकटत होता. रिकामं व्होल्टेज भरपूर होतं, तेव्हा जनरेटर काम करतो हे तर नक्की झालं. मग काकांच्या मुलाला मिनिटभर रॉड चालवायला लावला, तो जसा जमेल तसा, अन इंजिन बंद करून लगेच हातानं सगळे जोड चाचपले. केबल कोमट, होल्डर कोमट, क्लॅम्प थोडा गरम, पण मशीनच्या टर्मिनलवरचा अर्थवाला लग (केबलच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा तुकडा) हात लावू देत नव्हता. लग वरून एकदम चांगला, चकचकीत, रबर पण ठीक. रबर चार इंच सोललं तर आत तांबं हिरवं-काळं पडलेलं, निम्म्याहून जास्त तारा लगच्या तोंडाशीच तुटलेल्या, उरलेल्या चिमटीनं ओढल्या तर हातात आल्या. मशीन ट्रॉलीतून उतरवताना केबलला धरून ओढतात ना, त्याचा सगळा ताण तिथंच पडतो. तेवढी केबल कापून टाकली, तांबं पिवळं-लाल दिसेपर्यंत साफ केलं, नवीन लग दाबून बसवला, अन गव्हर्नर परत ५२ वर आणला. त्याच सेटिंगवर, तोच रॉड सरळ चालला, खपली आपोआप उचलून येत होती.

म्हणून केबलवर थोडं जास्तच लिहितो. २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल तीस मीटर जायची अन तीस मीटर यायची, असे साठ मीटर झाले, तर तिचा रेझिस्टन्स साधारण ०.०४ ओहम. १२० अँपिअरला पाच व्होल्ट केबलमध्येच गेले. पाच व्होल्ट ऐकायला काहीच वाटत नाही, पण जळत्या आर्कवर व्होल्टेज असतेच किती, १२० अँपिअरला साधारण २५. म्हणजे पाचातला एक हिस्सा रस्त्यातच खाल्ला. तीच केबल १६ स्क्वेअर एमएमची असली तर पावणेआठ व्होल्ट जातात. अन तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची स्वस्त केबल असली तर त्याच्याहून वाईट, कारण अॅल्युमिनियमचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीच्याही वर असतो. बाजारात ती वरून तांब्यासारखीच दिसते, एक तार घेऊन ब्लेडनं खरवडा, आतून पांढरी निघाली तर समजून जा. लांब कामाला ३५ स्क्वेअर एमएम तांब्याची केबल घ्या, महाग पडते हे खरं आहे, पण जो माणूस वावरा-वावरात जाऊन काम करतो त्याच्यासाठी चांगली केबल म्हणजे अर्धी मशीन.

जोड हातानं सापडत नसेल तर मीटरनं पाहा. एकजण रॉड चालवत असताना मीटरचं एक टोक मशीनच्या टर्मिनलच्या बोल्टवर अन दुसरं त्याच केबलच्या शेवटी, होल्डरच्या जबड्यावर. मग तसंच अर्थच्या बाजूनं, एक टोक टर्मिनलवर अन दुसरं टोक क्लॅम्पवर नाही तर कामाच्या लोखंडावर, घासलेल्या जागी. एकेका बाजूला अडीच-तीन व्होल्टच्या आत असलं तर चालते, सहा-सात दिसले तर त्याच बाजूचा कोणतातरी जोड खराब आहे. मीटरची लांब वायर नसेल तर लागेल तेवढी साधी वायर जोडून घ्या, तिच्यातून करंट जात नसल्यानं रीडिंगमध्ये फरक पडत नाही.

अर्थ क्लॅम्प कुठं लावता हे पण पाहा. रंगावर, गंजावर, चिखल वाळलेल्या नांगराच्या फाळावर क्लॅम्प लावून आर्क मरतो म्हणून मशीनला शिव्या देण्यात अर्थ नाही, ग्राइंडरनं दोन बोटं जागा उजळ करा. रोटाव्हेटरचं काम असेल तर क्लॅम्प त्याच तुकड्यावर लावा ज्याच्यावर टाका मारायचा आहे. फ्रेमवर क्लॅम्प अन शाफ्टच्या फ्लँजवर वेल्डिंग केलं तर सगळा करंट बेअरिंगमधून जातो, गोळ्यांवर बारीक खड्डे पडतात अन महिन्याभरात बेअरिंग बोंबलते, तेव्हा कोणाला आठवतही नाही की हे वेल्डिंगनं झालं. ट्रॅक्टरला जोडलेल्या अवजारावर काम करायचं असेल तर आधी ट्रॅक्टरच्या बॅटरीची मायनसची वायर काढा, नव्या ट्रॅक्टरला इलेक्ट्रॉनिक भाग असतात, ते अशा वेळी जातात.

रॉड. पावसाळ्यात उघड्या पुड्यातले रॉड ओल धरतात, मग आर्क फटफटतो, ठिणग्या जास्त उडतात, जोडात बारीक छिद्रं पडतात. साधे ६०१३ चे रॉड १०० ते ११० डिग्रीला तासभर सुकवले की बहुतेक ठीक होतात. ७०१८ ची गोष्ट वेगळी, त्यांना ३०० डिग्रीच्या वर भाजावं लागते, उन्हात ठेवून काही होत नाही, अन ते डीसीला होल्डर प्लसवर ठेवून चालवायचे. पोलॅरिटी उलटी राहिली तर ते पण आर्क धरत नाहीत, हे पाहायला दहा सेकंद लागतात, पाहून घ्या.

आता इंजिन खाली बसण्याची तक्रार. इथं थोडा हिशोब करा, कारण लय वेळा मशीन ठीक असते अन अपेक्षाच जास्त असते. दहा नंबर म्हणजे ३.१५ एमएमचा रॉड ११० अँपिअरला चालवला तर आर्कवर साधारण २४ व्होल्ट, म्हणजे पावणेतीन किलोवॅटच्या आसपास. जनरेटरमध्ये तिसरा हिस्सा तरी वाया जातो, तर इंजिनच्या शाफ्टवर चार किलोवॅट लागले, म्हणजे साडेपाच एचपी. आठ नंबर म्हणजे ४ एमएमचा रॉड १६० अँपिअरला लावला की तोच हिशोब पावणेनऊ एचपीपर्यंत जातो. मग साडेसहा एचपीच्या इंजिनवर आठ नंबर लावून इंजिन मरते म्हणून कोणाला दोष द्यायचा? त्याच्यात वेल्डिंग चालू असताना दुसरा पोट्टा त्याच मशीनच्या सॉकेटवर ग्राइंडर दाबून धरतो, ते सहाशे-आठशे वॅट पण त्याच इंजिनमधून जातात. असं असेल तर बारीक रॉडनं दोन पास मारा, ग्राइंडर अन रॉड एकावेळी नको. चिखलदऱ्याकडं काम करणाऱ्यांना अजून एक, तिथं उंची ११०० मीटरच्या वर आहे, हवा विरळ, साध्या इंजिनची ताकद तिथं खालच्या मानानं साधारण दहा टक्के कमीच मिळते.

हिशोबात बसूनही इंजिन दबत असेल तर धूर पाहा. लोडवर काळा धूर म्हणजे हवा कमी पडते, एअर फिल्टर उघडा. सोयाबीनच्या कुटाराजवळ मशीन ठेवली असेल तर फिल्टर एका दिवसात भरतो, कापसाच्या दिवसात रुईचे तंतू बसतात. पेपर फिल्टर असेल तर झटकून चालते एक-दोनदा, नंतर बदलाच, अन ऑइल बाथवाला असेल तर तळाचा गाळ काढून नवीन ऑइल खुणेपर्यंतच भरा. धूर नाही पण लोडवर आवाज तुटतो, झोके घेतो, म्हणजे डिझेल नीट पोहोचत नाही. कॅनमधून डिझेल ओततात, कॅन उघडा पडलेला असतो, पाणी अन माती दोन्ही जाते. टाकीच्या तळाचा नट ढिला करून अर्धा ग्लास काचेच्या बाटलीत काढा, थोडा वेळ ठेवा, पाणी खाली बसलेलं दिसते. फिल्टर बदला, एअर काढा, मग पाहा. पेट्रोलची मशीन असेल तर तिथं वेगळाच त्रास, आता पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत असते अन इथेनॉल पाणी ओढते, दोन-तीन महिने टाकीत राहिलेलं पेट्रोल काढून टाका, कार्बोरेटरचा जेट साफ करा, त्याच्याशिवाय गव्हर्नरचा काहीच दोष काढता येत नाही. ऑटो आयडलवाल्या मशीनमध्ये आर्क लावल्यावर इंजिन उचलतच नसेल तर आयडलचा स्विच हाय वर करून पाहा, हाय वर आर्क बरोबर चालला तर दोष आयडलच्या सोलेनॉइडमध्ये नाहीतर त्याच्या सेन्सरमध्ये.

हे सगळं झाल्यावरही रिकामं असतानाच ५० च्या खाली हर्ट्झ दिसत असेल, तेव्हा कुठं गव्हर्नरकडं या. त्याच्यातही आधी लिंकेज अडकलं का, स्प्रिंग ताणून लांब झाली का ते पाहा, मग स्क्रू थोडा थोडा फिरवा, मीटरवर डोळा ठेवून, मॅन्युअलमधल्या आकड्याला थांबा अन लॉक नट कसा.

अर्धा तास छान चालते अन मग एकदम करंट गायब, इंजिन चालूच, पंधरा मिनिटांनी परत ठीक, ही तक्रार मे महिन्याची. बऱ्याच मशीनमध्ये आत थर्मल स्विच असतो, वाइंडिंग किंवा रेक्टिफायर तापला की तो वेल्डिंग तोडतो, हा बिघाड नाही, मशीन स्वतःला वाचवत असते. नेमप्लेटवर ड्युटी सायकल लिहिलेली असते, ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांतले सहा मिनिटं वेल्डिंग अन चार मिनिटं नुसतं इंजिन चालू, अन हे रेटिंग ४० डिग्रीच्या हवेसाठी असते. आपल्याकडं मे मध्ये सावलीतच ४५, टिनाच्या शेडमध्ये त्याच्याहून जास्त, तर ६० टक्क्यांच्या जागी ४० टक्केच धरून चाला. मशीन झाडाखाली ठेवा, पंख्याच्या जाळीला कशाचीही आड नको, अन इंजिन गरम असताना लगेच बंद करू नका, दोन-चार मिनिटं रिकामं चालू द्या म्हणजे पंखा आतली गरमी बाहेर काढतो. थर्मल स्विचला वायर मारून बायपास करणारे मेकॅनिक आहेत, त्यांना नाही म्हणा. कव्हर उघडून आतला कचरा आतून बाहेरच्या दिशेनं कमी दाबाच्या हवेनं उडवा, आपली काळी माती ओल धरून बसली की ती वाइंडिंगवर करंटला रस्ता करून देते.

पावसाळ्यात तीन-चार महिने मशीन गोठ्याच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून असते, पोळा झाला की काढतात, इंजिन चालू होते अन दोन्हीकडं व्होल्टेज शून्य. "वाइंडिंग जळलं" असं लगेच सांगणारे भेटतात. पडून राहिलेल्या मशीनचं वाइंडिंग बसल्या जागी सहसा जळत नाही. ब्रशवाल्या जनरेटरला सुरुवातीला रोटरच्या लोखंडात उरलेलं थोडंसं चुंबकत्व लागते, त्याच्यावरच तो व्होल्टेज बनवायला सुरुवात करतो, अन लांब बंद राहिलं की ते कधीकधी निघून जाते. सॉकेटवर दोन-पाच व्होल्ट दिसत असतील तर चुंबकत्व आहे, मग ब्रश, स्लिप रिंग (रोटरवरच्या रिंगा, ज्यांच्यावर ब्रश घासतात), एव्हीआर (व्होल्टेज आपोआप धरून ठेवणारा भाग) पाहा. एक व्होल्टही नसेल तर फिल्ड गेल्याची शक्यता जास्त.

आधी ब्रश काढून पाहा, झिजून आखूड झाले का, स्प्रिंग दाबते का, होल्डरमध्ये सरकतात का. स्लिप रिंग ओलीनं काळी-हिरवी पडलेली असते, ती बारीक काच पेपरनं हलकी साफ करा, एमरी कापड वापरू नका, त्याचे कण करंट वाहतात अन रिंगेत रुततात. इंजिन बंद ठेवून दोन रिंगांमध्ये ओहम मोजा, काहीतरी ठराविक आकडा आला पाहिजे, ओपन दाखवलं तर रोटरची तार तुटली. एका रिंगेपासून शाफ्टपर्यंत मोजा, तिथं काहीच दाखवायला नको. हे ठीक असेल तरच पुढं जा.

फिल्ड द्यायची पद्धत अशी. इंजिन बंद. ब्रशवर एव्हीआरकडून आलेल्या दोन्ही वायर काढा, काढायच्या आधी मोबाईलवर फोटो घ्या, कोणती प्लसची कोणती मायनसची ते लिहून ठेवा. १२ व्होल्टची बॅटरी घ्या, ट्रॅक्टरची चालते, प्लसच्या वायरीत पाच अँपिअरचा फ्यूज टाका, प्लस प्लसच्या ब्रशला अन मायनस मायनसच्या ब्रशला, पाच-दहा सेकंद लावून काढा. काढताना छोटी ठिणगी पडते, म्हणून पेट्रोलची मशीन असेल तर टाकीजवळ, सांडलेल्या पेट्रोलजवळ हे करायचं नाही. एव्हीआर जोडलेला ठेवून बॅटरी लावू नका, तो जाईल. मग वायर फोटोप्रमाणं परत लावा, इंजिन चालू करा, मीटर सॉकेटवर. फिल्डच गेलेली असेल तर व्होल्टेज लगेच उभं राहते. परमनंट मॅग्नेटच्या मशीनला हे लागत नाही, अन ब्रशलेस कॅपॅसिटरवाल्या मशीनची पद्धत वेगळी, तिथं कॅपॅसिटर बंद केल्यावरही भरलेला असतो, माहितगार माणसाशिवाय कव्हर उघडू नका.

सॉकेट ठीक पण वेल्डिंग मेलेलं असेल तर रेक्टिफायर. वायर सोडवून मीटर डायोडवर ठेवा, एका दिशेनं ०.४ ते ०.७ च्या मध्ये अन उलट काहीच नाही, असं प्रत्येकाला पाहिजे. दोन्ही दिशेनं शून्याजवळ म्हणजे शॉर्ट, दोन्हीकडं काहीच नाही म्हणजे ओपन. एक डायोड उडाला तरी मशीन अर्ध्या ताकदीवर चालत राहते, अन हीच ती मशीन जिचा स्क्रू सगळ्यात जास्त पिळलेला सापडतो. अन हो, आतल्या वायरी पाहा, सोयाबीन घरात आलं की उंदीर पण येतात, गरम मशीनच्या पोटात घर करतात अन वायरीचं रबर कुरतडतात.

विहिरीवरच्या कामाचं कळकळीनं सांगतो. मोटरचा पाईप, लोखंडी गर्डर, पायऱ्या यांचं वेल्डिंग करायला माणूस विहिरीत उतरतो, केबल कमी पडते म्हणून मशीन अगदी काठावर ठेवतात. इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असते, त्याला ना रंग ना वास, धूर विहिरीत भरत गेला तर खालच्या माणसाला फक्त डोकं जड वाटते अन हात-पाय गळतात, ओरडायलाही होत नाही. मशीन वाऱ्याच्या खालच्या बाजूला, लांब, सायलेन्सरचं तोंड विहिरीच्या उलट. खाली उतरलेल्याच्या कमरेला दोर अन वर एक माणूस फक्त त्याच्याकडं पाहणारा. मशीन विहिरीत सोडायची नाही, बंद गोठ्यात, दार लावलेल्या शेडमध्ये चालवायची नाही, पाऊस असला तरी नाही. कुटाराच्या गंजीपासून, कापसाच्या ढिगापासून पण लांब, ठिणगी कापसात आतल्या आत तासन् तास धुमसते, काम संपवून माणसं घरी गेल्यावर पेट घेते. निघायच्या आधी अर्धा तास थांबून जागा हातानं चाचपून पाहा, पाण्याची बादली जवळ ठेवा.

पावसाळ्याआधी मशीन ठेवताना पेट्रोल असेल तर टाकी अन कार्बोरेटर रिकामा करा, डिझेल असेल तर टाकी भरून ठेवा म्हणजे आत ओल धरायला जागा राहत नाही. मशीन जमिनीवर नको, लाकडी फळीवर ठेवा, हवेच्या जाळ्यांना बारीक तारेची जाळी बांधा म्हणजे उंदीर जात नाही. ताडपत्री अंगाला घट्ट गुंडाळू नका, खालून हवा राहू द्या. अन महिन्यातून एकदा (पेट्रोलची असेल तर तेवढ्यापुरतं पेट्रोल टाकून) वीस मिनिटं चालवा, पाच मिनिटं एखादा दोनशे वॅटचा बल्ब सॉकेटवर लावून, त्यानं वाइंडिंगची ओल पण निघते, फिल्ड पण टिकून राहते अन ब्रश रिंगेला चिकटत नाहीत. लगच्या जोडांना ग्रीस लावा, केबल खुंटीला टांगून ठेवा, अन सध्याचं हर्ट्झ किती आहे ते टाकीच्या बाजूला ऑइल पेंटनं लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी कोणी स्क्रू पिळला असेल तर मीटर लावताच समजते.

तुमच्या मशीनचं निदान होत नसेल तर लिहा, पण नुसतं "करंट येत नाही" लिहू नका. सॉकेटचं व्होल्टेज, हर्ट्झ, होल्डर-क्लॅम्पमधलं रिकामं व्होल्टेज, रॉडचा नंबर, केबलची लांबी अन जाडी, अन इंजिन किती एचपीचं, एवढं लिहा, नेमप्लेटचा फोटो टाका.